हेलनच्या बाई

मागच्या संक्रांतीला आमच्या महिला मंडळानं ठरवलं, की यंदा हळदीकुंकवाला वाण लुटायचं नाही. ते पैसे साठवून तालुक्याच्या विशेष मुलांच्या शाळेत जायचं. आम्ही दहा-बाराजणी डबाभर शिरा, तिळाचे लाडू आणि रंगपेट्या घेऊन गेलो. एक सात-आठ वर्षांची मुलगी माझ्याशेजारी येऊन बसली. तिचे हात सारखे थरथरत होते. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा शिरा फ्रॉकवर सांडायचा. मला काही राहवेना. मी तिला जवळ ओढलं आणि भरवायला लागले. दोन घास झाले नाहीत तोच तिथल्या बाई आल्या. त्यांनी हसत हसत, पण ठामपणे माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि परत त्या मुलीच्या मुठीत दिला. तीन महिने खपून तिला चमचा धरायला शिकवलंय, तुम्ही भरवलंत तर उद्या ती पुन्हा हात पुढं करायची नाही, असं त्यांनी मला समजावलं.

खरं सांगते, मला राग आला होता. आपण इतक्या मायेनं आलो आणि या बाईंनी चारचौघींत आपल्याला थांबवलं! परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून मी तेच घोळवत होते. आणि मग एकदम मला दुसरं एक जेवणाचं टेबल आठवलं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीचं, सातासमुद्रापलीकडचं. तिथंही एक मुलगी होती, एक चमचा होता आणि भरवू न देणारी एक बाई होती.

मैत्रिणींनो, हेलन केलरचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. आंधळी, बहिरी आणि त्यामुळे मुकी असलेली मुलगी पुढे पदवीधर झाली, लेखिका झाली, जगभर फिरली, हे आपण मुलांनाही सांगतो. पण तिला शिकवणाऱ्या बाई कोण होत्या? त्या कुठून आल्या? असं शिकवायचं त्यांना कुणी शिकवलं? हेलन त्यांना जन्मभर फक्त टीचर म्हणत राहिली. आपण बाई म्हणतो ना, अगदी तसंच. आज त्या बाईंची गोष्ट सांगायची आहे.

अ‍ॅन सुलिव्हनचा जन्म १४ एप्रिल १८६६ चा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फीडिंग हिल्स नावाच्या खेड्यातला. आईवडील आयर्लंडमधल्या दुष्काळानंतर पोटासाठी अमेरिकेत आलेले. घरात अठराविश्वे दारिद्र्य. वडिलांना दारूचं व्यसन, आईला क्षय. अ‍ॅनी पाच वर्षांची असताना तिच्या डोळ्यांना खुपऱ्या झाल्या. आपल्याकडेही पूर्वी या खुपऱ्यांनी किती जणांची नजर नेली हे जुन्या बायकांना विचारा. वेळेवर औषध मिळालं नाही आणि अ‍ॅनीला जेमतेम धूसर दिसायला लागलं.

ती आठ वर्षांची असताना आई गेली. वडिलांच्यानं मुलं सांभाळणं होईना. धाकट्या बहिणीला नातेवाइकांनी ठेवून घेतलं. पण अर्धवट आंधळी अ‍ॅनी आणि खुब्याच्या क्षयानं लंगडणारा तिचा लहान भाऊ जिमी, या दोघांना कोण घेणार? फेब्रुवारी १८७६ मध्ये दोघांची रवानगी ट्यूक्सबरी इथल्या सरकारी आश्रयगृहात झाली. आश्रयगृह म्हणजे काय, तर निराधार म्हातारे, वेडे, रोगी, टाकून दिलेल्या बायका आणि पोरकी मुलं, सगळे एका छपराखाली. भावाला पुरुषांच्या विभागात नेणार म्हटल्यावर अ‍ॅनीनं असा आकांत केला, की शेवटी त्या दोघांना बायकांच्या विभागात एकत्र ठेवावं लागलं.

पण ते एकत्र राहणं तीनच महिने टिकलं. एका रात्री अ‍ॅनीला जाग आली तर शेजारी जिमीची खाट नव्हती. तिला काय ते कळलं. अंधारात चाचपडत ती प्रेतं ठेवण्याच्या खोलीत गेली आणि तिथं तिच्या हातांना तो सापडला. दहा वर्षांची मुलगी ती! तिचं म्हणावं असं जगात जे एक माणूस होतं, तेही गेलं.

त्यानंतर चार वर्षं ती तिथंच होती. मधे डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, पण उपयोग झाला नाही. लिहिता येत नव्हतं, वाचता येत नव्हतं. कुणीतरी मात्र तिला सांगितलं होतं, की आंधळ्यांसाठीसुद्धा शाळा असते. तेवढं एक वाक्य तिनं मनात धरून ठेवलं. १८८० साली आश्रयगृहाची पाहणी करायला बडी मंडळी आली. त्यात फ्रँक सॅनबॉर्न नावाचे मोठे अधिकारी असल्याचं तिच्या कानावर आलं होतं. पण त्यातले सॅनबॉर्न कोण हे तिला कसं दिसणार? पाहुणे या खोलीतून त्या खोलीत फिरत होते आणि ही पोरगी त्यांच्या पाठोपाठ. ते निघून जायला लागले तेव्हा फाटकाशी ती त्या घोळक्यात घुसली आणि मला शाळेत जायचंय म्हणून रडून ओरडली. त्या ओरडण्यानं तिचं आयुष्य बदललं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत दाखल झाली.

वय वर्षं चौदा आणि साधं स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. तिला अगदी लहान मुलांच्या वर्गात बसवलं. तिच्याजवळ धड रात्रीचे कपडे नव्हते, कंगवा नव्हता. बरोबरीच्या मुली चांगल्या घरच्या, त्या हसायच्या. अ‍ॅनीही काही गरीब गाय नव्हती. तोंडानं फटकळ, रागीट, शिक्षकांना उलट उत्तरं देणारी. तिला शाळेतून काढून टाकण्याचीही वेळ आली होती. पण काही शिक्षिकांनी तिच्यातली हुशारी ओळखली आणि वसतिगृहाच्या सोफिया हॉपकिन्स या बाईंनी तिच्यावर आईसारखी माया केली. सुट्टीत त्या तिला आपल्या घरी नेत. पुढे डोळ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि यावेळी गुण आला. छापील अक्षर वाचता येईल इतकी नजर तिला परत मिळाली.

याच शाळेत तिला लॉरा ब्रिजमन भेटली. लॉरा तेव्हा पन्नाशीची होती. लहानपणी तापात तिची दृष्टी आणि ऐकू येणं दोन्ही गेलं होतं. पर्किन्सचे पहिले संचालक डॉ. सॅम्युएल हाऊ यांनी तिला बोटांच्या मुळाक्षरांनी भाषा शिकवली होती. म्हणजे एकानं दुसऱ्याच्या तळहातावर बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर उमटवायचं आणि दुसऱ्यानं स्पर्शानं ते वाचायचं. ज्यांना लॉराशी गप्पा मारायच्या त्यांना ही मुळाक्षरं यावी लागत. अ‍ॅनी ती शिकली. पुढे हीच आपल्या पोटापाण्याची आणि नावलौकिकाची विद्या होणार आहे, हे तेव्हा तिच्या स्वप्नातही नव्हतं.

१८८६ साली, विसाव्या वर्षी ती शाळेतून बाहेर पडली तेव्हा निरोपाचं भाषण करण्याचा मान तिलाच मिळाला होता. टाळ्या झाल्या, समारंभ झाला. पण पुढे काय? घर नाही, माणूस नाही, डोळे अधू. मोलकरीण व्हायचं की आणखी काय करायचं, हा प्रश्न समोर होता. तेवढ्यात शाळेचे तेव्हाचे संचालक मायकेल अनॅग्नोस यांचं पत्र आलं. दूर दक्षिणेत, अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया गावी कॅप्टन केलर म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांच्या आंधळ्या-बहिऱ्या मुलीला शिकवायला बाई हव्या आहेत. जाशील का? पगार महिना पंचवीस डॉलर.

इथं मला थोडं थांबायचं आहे. मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकताना आपल्याला वाटतं, की त्यांना आतून आवाज येतो, साक्षात्कार होतो आणि ती घराबाहेर पडतात. अ‍ॅनीला असा काही आवाज आला नव्हता. तिनं ही नोकरी घेतली ती दुसरी नोकरी नव्हती म्हणून. तिला शिकवण्याची आवड होती असंही नाही. ती गरजेपोटी गेली. आपल्यातल्या कितीजणी बालवाडीवर, पतपेढीत, शिवणवर्गात अशाच गरजेपोटी गेल्या असतील! पण जायच्या आधी तिनं एक गोष्ट केली. कित्येक महिने बसून, दुखऱ्या डोळ्यांनी, डॉ. हाऊंनी लॉराबद्दल लिहून ठेवलेले सगळे अहवाल वाचून काढले. नोकरी गरजेची होती, पण ती वरवर करायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

३ मार्च १८८७ च्या संध्याकाळी ती केलरांच्या घरी पोचली. रडून आणि प्रवासाच्या धुळीनं डोळे सुजलेले. हेलन तेव्हा पावणेसात वर्षांची. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या तापानं तिची नजर आणि कान दोन्ही गेलेले. मनात काय चाललंय ते सांगता येत नाही, दुसऱ्याचं कळत नाही, म्हणून सारखी चिडलेली. मारणं, चावणं, लाथा झाडणं, वस्तू फोडणं. घरच्यांना तिची दया यायची. आईबापाचं काळीज ते! त्यामुळे तिच्या मनाविरुद्ध कुणीच जात नसे. पहिल्या काही दिवसांतच तिनं बाईंना खोलीत कोंडून किल्ली लपवून ठेवली. शेवटी शिडी लावून बाईंना खिडकीतून खाली उतरवावं लागलं. एकदा तर तिच्या तडाख्यानं बाईंचा एक दात पडला.

आणि आता ते जेवणाचं टेबल. हेलन जेवताना स्वतःच्या जागेवर बसायचीच नाही. टेबलाभोवती फिरायची, ज्याच्या त्याच्या ताटात हात घालून हवं ते उचलायची. घरचे बोलत राहायचे, जणू काही झालंच नाही. अ‍ॅनीनं आपल्या ताटातून घेऊ दिलं नाही. हेलननं थैमान घातलं. घरची मंडळी कासावीस होऊन उठून गेली. अ‍ॅनीनं दाराला आतून कुलूप लावलं आणि शांतपणे जेवायला बसली. स्वतःच्या घशाखाली घास उतरत नव्हता, तरी बसली. हेलन जमिनीवर लोळली, खुर्ची ओढली, चिमटे काढले. बऱ्याच वेळानं जागेवर बसली आणि हातानं खायला लागली. अ‍ॅनीनं चमचा दिला, तिनं फेकला. अ‍ॅनीनं तिला खुर्चीवरून उठवून तो उचलायला लावला. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. शेवटी ती चमच्यानं जेवली. त्यानंतर रुमालाची घडी घालण्यावरून आणखी एक तास गेला. ते सगळं झाल्यावर अ‍ॅनी आपल्या खोलीत जाऊन पलंगावर पडून पोटभर रडली. हे तिनंच हॉपकिन्सबाईंना पत्रानं कळवलं होतं.

मैत्रिणींनो, हा प्रसंग आज वाचताना अंगावर काटा येतो. आजच्या प्रशिक्षित शिक्षिका अशी झोंबाझोंबी करणार नाहीत. त्यांच्याकडे आता मुलाला बळजबरी न करता शिकवायच्या किती तरी पद्धती आहेत. आणि पुढे आपण बघूच, की अ‍ॅनीनंही आपली रीत बदलली. पण तिला एक गोष्ट स्वच्छ दिसली होती, जी आईवडिलांना दिसत नव्हती. ती म्हणजे, या मुलीची सगळे कीव करतात, पण तिच्याकडून कुणी कसलीच अपेक्षा ठेवत नाही. कीव करणारा माणूस चमचा आपल्या हातात घेतो. हेलनला येईल यावर ज्याचा विश्वास आहे, तोच तो तिच्या हातात देईल. अ‍ॅनीला हे का कळलं असेल? कारण ट्यूक्सबरीत तिनं कोरडी दया पोटभर पाहिली होती. दयेनं तिला पोटाला भाकरी मिळाली होती. पण तिला माणूस केलं ते शाळेनं.

घरच्यांच्या मायेत हेलन वळणावर येणार नाही, हे ओळखून अ‍ॅनीनं जवळच्याच छोट्या घरात दोन आठवडे तिच्याबरोबर एकटीनं राहण्याची परवानगी काढली. आईवडिलांनी रोज खिडकीतून बघायचं, पण आपण आलोय हे हेलनला कळू द्यायचं नाही. विचार करा, त्या आईचं काय झालं असेल! त्या दोन आठवड्यांत हेलन निवळली. मणी ओवायला, विणायला शिकली. आणि सगळा वेळ अ‍ॅनी तिच्या तळहातावर शब्द लिहीत होती. बाहुली, टोपी, दूध, केक. हेलन ते माकडासारखे गिरवायची. पण हे म्हणजे त्या वस्तूचं नाव आहे, हे तिला उमगत नव्हतं.

५ एप्रिल १८८७ चा दिवस उजाडला. पाणी आणि पेला या दोन शब्दांत हेलनचा सारखा घोळ होत होता. अ‍ॅनीनं तिला आडावरच्या पंपाशी नेलं. एका हातावर गार पाण्याची धार सोडली आणि दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द लिहिला. आधी सावकाश, मग भराभर. हेलनच्या हातातला पेला गळून पडला. ती थिजल्यासारखी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. तिनं तो शब्द स्वतः पुन्हा पुन्हा लिहिला. मग खाली बसून जमिनीला हात लावून तिचं नाव विचारलं, पंपाचं नाव विचारलं आणि एकदम वळून अ‍ॅनीचं नाव विचारलं. अ‍ॅनीनं तिच्या हातावर लिहिलं, टीचर. त्या दिवशी रात्रीपर्यंत तीसेक नवे शब्द झाले. आणि त्या रात्री हेलन पहिल्यांदाच आपणहून बाईंच्या कुशीत शिरली आणि तिनं त्यांचा पापा घेतला.

सिनेमा-नाटकवाल्यांना हा पाण्याचा प्रसंग फार आवडतो आणि त्यात नवल नाही. पण मला विचाराल तर बाईंचं खरं मोठेपण त्यानंतरच्या दिवसांत आहे. हेलनच्या घरी तिची सव्वा वर्षाची एक चुलत-आते भावंडांतली छोटी बहीण होती. अ‍ॅनी तिचं निरीक्षण करायला लागली. या बाळाला तर कुणी धडे देत नाही. तरी ते भाषा शिकतंय. कसं? तर आजूबाजूची माणसं त्याच्याशी सतत बोलतात म्हणून. एकेक शब्द नाही, पूर्ण वाक्यं. बाळाला सगळं समजत नाही, पण माणसं बोलायची थांबत नाहीत. मग हेलनशीही तसंच का बोलू नये?

झालं! ठरावीक वेळेचे, ठरावीक शब्दांचे तास तिनं बंद करून टाकले. दिवसभर तळहातावर बोलणं सुरू केलं. पाऊस येतोय, आई बागेत गेली, पिल्लू अंड्यातून बाहेर येतंय, जे घडेल ते. शाळा भरायची रानात, झाडाखाली, टेनेसी नदीच्या काठी. गारगोट्यांची धरणं बांधून, मातीत बेटं आणि तळी करून भूगोल. काचेच्या भांड्यात बेडकाची पिल्लं वाढवून जीवशास्त्र. एकदा मणी ओवताना हेलन चुकली आणि थांबून डोकं खाजवायला लागली, तेव्हा बाईंनी तिच्या कपाळाला हात लावून विचार हा शब्द लिहिला. डोक्यात आत्ता जे चाललंय त्यालाच विचार म्हणतात, हे तिला त्या क्षणी कळलं. बाई येऊन साडेतीन महिने झाले होते, तेवढ्यात हेलननं आपलं पहिलं पत्र लिहिलं.

आणि याच उन्हाळ्यात कधीतरी अ‍ॅनीनं हॉपकिन्सबाईंना पत्रातून कळवलं, की मला कसं ते सांगता येत नाही, पण पुढे काय करायचं हे आता मला कळतं आणि यात मला यश येणार आहे, असं मन सांगतंय. बघा हं, नोकरी लागल्यावर काही महिन्यांनी! आपलं जन्माचं काम तिला आधी सापडलं नव्हतं. कामात बुडल्यावर सापडलं. हेलनला पाणी सापडलं आणि बाईंना त्या स्वतः.

यापुढची एकोणपन्नास वर्षं त्या दोघी जवळजवळ एकत्रच होत्या. पण ती काही सुखासमाधानाची वाट नव्हती. हेलन अकरा वर्षांची असताना तिनं लिहिलेली एक गोष्ट दुसऱ्या लेखिकेच्या छापील गोष्टीसारखी निघाली. कधीतरी तळहातावर वाचून दाखवलेलं, विसरलेलं, मनात राहून गेलेलं ते. पण पर्किन्समध्ये त्या लेकराची चौकशी झाली आणि त्यावेळी बाईंना खोलीबाहेर पाठवलं होतं. बाईंवरही खोटेपणाचा ठपका आला. पुढे कॉलेजच्या तयारीच्या शाळेत तिथल्या मुख्याध्यापकांनी बाई मुलीला फार राबवतात म्हणून दोघींना वेगळं करायचा घाट घातला. हेलननं जायला साफ नकार दिला, शेवटी आई आली आणि तिनं बाईंची बाजू घेतली.

१९०० साली हेलन रॅडक्लिफ कॉलेजात दाखल झाली. प्रत्येक तासाला बाई शेजारी बसून प्राध्यापकांचं व्याख्यान तिच्या हातावर लिहायच्या. जी पुस्तकं ब्रेलमध्ये नव्हती ती स्वतः वाचून हातावर उतरवायच्या. अधू डोळे पार थकून जायचे. डॉक्टर ओरडायचे. हेलनला त्यांच्या डोळ्यांची इतकी काळजी वाटायची, की समजलं नसलं तरी समजलं म्हणून ती सांगायची. १९०४ साली हेलन मानानं पदवीधर झाली. चार वर्षं तोच अभ्यास केलेल्या बाईंना मात्र कसली पदवी मिळणार?

१९०५ मध्ये अ‍ॅनीनं जॉन मेसी या तरुण लेखक-प्राध्यापकाशी लग्न केलं. त्यानं हेलनच्या आत्मचरित्राचं संपादन केलं होतं. हेलन त्यांच्याबरोबरच राहायची. हे लग्न काही टिकलं नाही. १९१४ च्या सुमाराला ते वेगळे झाले. पैशाची ओढाताण कायमचीच. दोघी गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या. १९२० पासून तीन-चार वर्षं तर करमणुकीच्या रंगमंचावर कार्यक्रम केले. त्या झगमगत्या दिव्यांचा बाईंच्या डोळ्यांना त्रास व्हायचा, पण घर चालवायचं होतं. नंतर अंधांच्या अमेरिकन संस्थेसाठी निधी गोळा करत दोघी देशभर हिंडल्या.

ट्यूक्सबरीचे दिवस बाईंनी वयाची साठी उलटेपर्यंत हेलनपासूनही लपवून ठेवले होते. एवढी जवळची शिष्या, पण जिमीचं नाव तिच्या तळहातावर लिहायला बाईंना चाळीस वर्षांवर वेळ लागला. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकासुद्धा किती गोष्टी अशा पदरात बांधून ठेवतात, नाही?

१९३१ साली टेम्पल विद्यापीठानं बाईंना मानद पदवी देऊ केली. त्यांनी आधी नाही म्हटलं. आपली तेवढी लायकी नाही असं त्यांना वाटलं. पुढच्या वर्षी बऱ्याच विनवण्या झाल्यावर ती स्वीकारली. तोवर एक डोळा काढावा लागला होता. शेवटी तर दुसऱ्या डोळ्यानंही साथ सोडली. २० ऑक्टोबर १९३६ रोजी, सत्तराव्या वर्षी न्यूयॉर्कमधल्या घरी त्या गेल्या तेव्हा हेलननं त्यांचा हात हातात धरला होता. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलमध्ये त्यांची रक्षा ठेवली आहे. स्वतःच्या कर्तृत्वावर तिथं हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आश्रयगृहातून निघालेली ती पोर कुठं जाऊन पोचली बघा.

पुढे १९५५ साली हेलन भारतातही येऊन गेल्या, पण तेव्हा बाई नव्हत्या. मुंबईत १९७७ पासून त्यांच्या नावानं बहिऱ्या आणि अंध-बहिऱ्या मुलांसाठी संस्था काम करते आहे. २००५ चा ब्लॅक सिनेमा तुमच्यातल्या अनेकींनी पाहिला असेल. त्यातली गोष्टही या दोघींच्या आयुष्यावरूनच सुचलेली. फक्त सिनेमात बाईंच्या जागी सर आले!

आता घराजवळचं बोलते. आपल्या गल्लीत, नात्यात असं एखादं मूल असतं. पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत ठेवतात. त्याच्या आईला गेल्या जन्मीचं काहीतरी ऐकवतात. अशा आईला दोन गोष्टी जरूर सांगा. एक म्हणजे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व धरलेलं आहे, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं वयापर्यंत जवळच्या साध्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तो उपकार नाही. दुसरं म्हणजे, घरी त्याच्याशी बोलत राहा. त्याला कळतंय की नाही याची वाट न बघता, पूर्ण वाक्यांत.

आणि बारावीनंतर काय करावं म्हणून घुटमळणाऱ्या आपल्या मुलींनाही एक सांगावंसं वाटतं. विशेष शिक्षणाचे डी.एड., बी.एड. असे अभ्यासक्रम असतात. प्रवेश घेताना त्याला भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता आहे ना, तेवढं बघून घ्यायचं. त्या मुलांत दिवस काढायला जमेल का, अशी शंका येईल. आवड आहे की नाही हेही आधी कळणार नाही. अ‍ॅनीला तरी कुठं कळलं होतं?

संक्रांतीनंतर मी त्या शाळेत पुन्हा गेले. एकटीच, खाऊ न घेता. बाईंना विचारलं, की माझ्याजोगतं काही काम आहे का? आता दर गुरुवारी मधल्या सुट्टीत मी मुलांच्या पंगतीत बसते. माझं काम काय, तर हात मांडीवर ठेवायचे आणि भरवायचं नाही. हसू नका, फार अवघड आहे ते! माझ्या त्या मैत्रिणीला एक वाटी वरणभात संपवायला पाऊण तास लागतो. गेल्या गुरुवारी मात्र तिच्या फ्रॉकवर फक्त चार शितं सांडली होती. तिनं ती मला बोट दाखवून मोजायला लावली.